डेट्रॉइटच्या मिठातून वाचलेली गाडी

डेट्रॉइट शहराच्या पोटात, जमिनीखाली सुमारे साडेतीनशे मीटरवर, मिठाची मोठी खाण आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ती सुरू झाली आणि आज तिथले मीठ हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवण्यासाठी जाते. डिसेंबर ते मार्च मिशिगनमधले कोरडे रस्तेसुद्धा पांढुरके दिसतात, ते या मिठाच्या पुटांमुळे. चाकांनी उडालेले हे मीठ मडगार्डच्या आत, दारांच्या तळाशी, डिकीच्या कोपऱ्यांत जाऊन बसते आणि तिथला पत्रा आतून खात राहते. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत या परिसरात बनलेल्या असंख्य गाड्या इंजिन धडधाकट असताना केवळ सांगाडा गंजल्यामुळे भंगारात निघाल्या. त्यामुळे या गाड्या जिथे बनल्या त्याच जिल्ह्यात एखादी जुनी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची वेगवान गाडी, शाबूत मिळणे, हे ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत मिळण्यापेक्षा फार दुर्मीळ आहे. इथे अशी गाडी उरलेली दिसली की समजावे, कोणीतरी तिला वर्षानुवर्षे हिवाळ्यात घराबाहेर काढलेले नाही.

माझ्याकडे आहे ती १९६८ ची पॉन्टियाक जीटीओ, गडद हिरव्या रंगाची. त्या रंगाला कंपनीने वर्डोरो ग्रीन असे नाव दिले होते. डेट्रॉइटच्या वायव्येला पॉन्टियाक याच नावाचे गाव आहे, तिथे ती बनली आणि ज्या कुटुंबाकडून मी ती विकत घेतली तेही त्याच गावचे. तिच्या दुरुस्तीत गेलेल्या संध्याकाळी आणि सुट्ट्या यांतून माझे एक मत पक्के होत गेले, ते मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे. जुनी गाडी नवीकोरी करणे हे एक काम आहे आणि जुनी गाडी जपणे हे निराळे. पहिल्या कामाला पैसा लागतो. दुसऱ्याला, कुठे हात लावायचा नाही हे कळावे लागते, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते.

या गाड्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मध्यम आकाराच्या, स्वस्त, हलक्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवून ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, एवढीच मसल कारची कल्पना. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावले. पॉन्टियाक विभागाची सारी प्रतिष्ठा शर्यतींवर उभी होती. तेव्हा मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, व्ही-८ इंजिन बसवून पाहिले. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही असा कंपनीचा नियम होता. मात्र तो नियम नव्या मॉडेलना लागू होता, गिऱ्हाइकाने जादा पैसे देऊन मागवायच्या ऑप्शनला नव्हे. म्हणून १९६४ ची जीटीओ कागदोपत्री मॉडेल नव्हतीच, ती टेम्पेस्ट ल मान्सवरचा एक ऑप्शन होती. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता आणि पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या. १९६६ साली हा आकडा सत्त्याण्णव हजारांच्या घरात गेला.

मग सगळेच मैदानात उतरले. ओल्ड्समोबिल, शेव्हरले, डॉज, फोर्ड, प्रत्येकाने आपली गाडी आणली. त्यांतली १९६८ ची प्लिमथ रोड रनर मला मनापासून आवडते, कारण तिच्यामागचा विचार अगदी स्वच्छ होता. तोवर मसल कार महाग होऊ लागल्या होत्या. प्लिमथने गालिचे काढले, पुढे साधी बाकासारखी सीट ठेवली आणि ३८३ घनइंचांचे इंजिन घालून ती २९०० डॉलरच्या आत विकली. कार्टूनमधल्या पक्ष्याचे नाव आणि चित्र वापरण्यासाठी मात्र वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर मोजले, आणि हॉर्नही त्या पक्ष्याच्या आवाजाचा बसवला. कारखान्यात काम करणाऱ्या पोराला आपल्या पगारात घेता येईल अशी ती वेगवान गाडी होती.

हे सारे जेमतेम दहा वर्षे टिकले. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते गाडीच्या हप्त्यांशी बरोबरी करू लागले. १९७० साली हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कडक कायदा झाला आणि शिसेविरहित पेट्रोल येणार हे ओळखून जनरल मोटर्सने १९७१ पासून इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण दाबण्याचे प्रमाण, उतरवले. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७४ ची जीटीओ ही त्या मूळ घराण्यातली शेवटची. पुढे २०१० मध्ये पॉन्टियाक हा ब्रँडच इतिहासजमा झाला. शिसे हवेतून गेले हे उत्तम झाले, याविषयी माझ्या मनात किंचितही शंका नाही. माझी गाडी लिटरला पाच किलोमीटरही जेमतेम देते, आणि अशा गाड्या रोजच्या रस्त्यांवर लाखांनी धावाव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण जे बनले ते कोणी, कसे, कोणत्या परिस्थितीत बनवले हे जपण्यासारखे आहे, आणि तो दस्तऐवज बऱ्याच अंशी गाडीच्या पत्र्यावरच लिहिलेला असतो.

हे मला पहिल्यांदा कळले ते मागच्या सीटजवळचा रंग काढताना. या गाडीचे छत आणि मागचा बाजूचा पत्रा हे दोन वेगळे भाग असून कारखान्यात ते वेल्डिंगने जोडले जात. जोडाची खाच तशीच दिसू नये म्हणून ती शिसे आणि कथिल यांच्या मिश्रणाने भरत. ज्योतीने पत्रा तापवायचा, मिश्रणाची कांडी त्यावर मऊ करायची, आणि ती पूर्ण वितळून ओघळण्यापूर्वी, लोण्यासारखी असतानाच, चरबी चोळलेल्या लाकडी पट्टीने खाचेत सारवायची. तापमान थोडे चढले की सारे जमिनीवर, थोडे उतरले की खडबडीत ढेकूळ. त्यानंतर दुसरा कामगार ते घासून पत्र्याशी एकसारखे करी, आणि शिशाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून त्याला वेगळ्या खोलीत, डोक्यावर हवा पुरवणारी टोपी घालून काम करावे लागे. माझ्या गाडीत चालकाच्या, म्हणजे इथे डाव्या, बाजूचा जोड इतका साफ आहे की बोटाला लागत नाही. उजव्या बाजूचा जोड मात्र टोकाशी किंचित फुगीर आहे. दोन्ही बाजूंना दोन निराळी माणसे उभी असणार, आणि उजवीकडच्या माणसाला त्या गाडीवर काही सेकंद कमी मिळाले असणार.

तो फुगवटा मी तसाच ठेवला आहे. गाडीचे रंगकाम करणाऱ्या अनुभवी कारागिराला ते पटत नव्हते. त्याच्या हातून जाणारे काम निर्दोष असावे हा त्याचा आग्रह योग्यच होता, म्हणून आम्ही बराच वेळ त्यावर बोललो आणि शेवटी त्याने स्वतः हात फिरवून तो जोड अजून भक्कम आहे याची खात्री करून घेतली. प्रदर्शनांत गुण मिळवणाऱ्या गाड्या आज अशा असतात की दार आणि मडगार्ड यांमधली फट वरपासून खालपर्यंत केसभरही बदलत नाही. १९६८ साली पॉन्टियाकमधून निघालेल्या एकाही गाडीची फट तशी नव्हती. जनरल मोटर्स त्या काळी ॲक्रिलिक लॅकर वापरे. तो पातळ थरांत बसे, बंपरखालच्या आणि दारांच्या आतल्या भागांत त्याचा नुसता कोरडा फवारा पडलेला असे. आजचा दोन थरांचा रंग, वरून काचेसारखे पारदर्शक वार्निश, हा अधिक टिकाऊ आहे हे खरे, पण त्याच्या खोल चकाकीत ती जुनी गाडी हरवते. मी बाहेरून नवा रंग दिला, कारण उन्हाने आणि वयाने जुना लॅकर तडकला होता. डिकीच्या आत, डॅशबोर्डच्या मागे आणि इंजिनमागच्या भिंतीवर मात्र मूळचेच रंग आहेत. त्या भिंतीवर पिवळ्या खडूने काढलेले दोन आकडे आणि एक तिरकी रेघ आहे. कोणत्या तरी तपासनिसाने पुढच्या माणसासाठी केलेली ती खूण असावी. नव्या रंगाखाली ती पाच मिनिटांत गेली असती.

ज्या माणसांच्या या खुणा आहेत त्यांचा काळ सोपा नव्हता. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइट पेटले होते आणि रस्त्यांवर सैन्य उतरले होते. १९६८ च्या मे महिन्यात हॅमट्रॅमकच्या डॉज कारखान्यात असेंब्ली लाइनचा वेग वाढवल्यावरून काम थांबले आणि त्यातून कृष्णवर्णीय कामगारांची डॉज रिव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट उभी राहिली. १९७० मध्ये जनरल मोटर्सच्या कामगारांनी ६७ दिवसांचा संप केला. मसल कारच्या आठवणी काढताना लोक ड्राइव्ह-इन उपाहारगृहे, संगीत आणि पौगंडावस्थेतले प्रेम यांवर पानेच्या पाने लिहितात. लाइनच्या वेगाविषयी कोणी लिहीत नाही. माझ्या दृष्टीने उजव्या बाजूच्या फुगीर जोडाचे कारण त्या वेगातच आहे.

इंजिनाशी माझी ओळख थोड्या वेगळ्या वाटेने झाली, कारण मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात आमच्या घरच्यांचे मशीनशॉप होते आणि शिरोलीच्या फौंड्रीतून येणारे कास्टिंग हाताळत मी वाढलो. वाळूच्या साच्यातून निघालेल्या बिडाला एक खास पोत असतो. दोन साचे जिथे भेटतात तिथे बारीक धार राहते, आतला गाभा जरा सरकला तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. पॉन्टियाकच्या ४०० घनइंची ब्लॉकवरचा पन्नास वर्षांचा चिकटा धुऊन काढला तेव्हा त्याखाली हेच सगळे ओळखीचे होते. मागच्या बाजूला, सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर बसतो त्याच्या जवळ, ओतकामाची तारीख उठलेली असते. पहिले अक्षर महिन्याचे, मग दिवस, शेवटचा अंक वर्षाचा. समोरच्या बाजूला इंजिनाचा प्रकार सांगणारी दोन अक्षरे ठोकलेली असतात. हे अंक-अक्षरे गाडीच्या कागदपत्रांशी जुळले तर बाजारात तिची किंमत भराभर वाढते, म्हणून लोक त्यांच्यामागे लागतात. मला तारखेचे अप्रूप वेगळ्या कारणाने आहे. त्या दिवशी सकाळी कोणीतरी तो साचा भरला होता आणि त्याचे काम आजही चालू आहे.

या इंजिनाची ताकद ३५० अश्वशक्ती सांगितली जाई. ते मोजमाप मोकळ्या इंजिनाचे असे, सायलेन्सर आणि पंख्याचा पट्टा नसताना घेतलेले. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या बसवलेल्या अवस्थेतली ताकद छापू लागल्या आणि सगळ्यांचेच आकडे खाली आले. आकडा काहीही असो, रिबोअर केलेले, म्हणजे सिलिंडर आतून कापून किंचित मोठे केलेले, आणि नवी कॅम, म्हणजे झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, घातलेले इंजिन पहिल्यांदा चालू करताना छातीत धडधडते. कॅमवर टेकणारे टॅपेट तळाशी सपाट असलेल्या या जुन्या इंजिनात नवी कॅम बसवली की ते सुरू होताच २००० आरपीएमच्या आसपास ठेवून वीसेक मिनिटे चालवावे लागते. कॅम आणि टॅपेट यांचे पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसायचे ते याच काळात. आयडलवर घुटमळू दिले तर कॅमचे उंचवटे घासून जातात. त्यासाठी तेलही जस्ताचे प्रमाण जास्त असलेले घ्यावे लागते, कारण आजच्या तेलांत ते कमी केले आहे. ती वीस मिनिटे कोणी कोणाशी बोलत नाही. एक जण तापमानाच्या काट्याकडे बघतो, दुसरा तेलाच्या गळतीकडे.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, आणि पॉइंट, म्हणजे उघडमिट करून ती ठिणगी पाडणारे संपर्क, लावणे हा यातला माझ्या आवडीचा भाग. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या व्ही-८ डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला एक छोटी धातूची खिडकी असते. ती वर सरकवली की चालू इंजिनातच षट्कोनी पान्याने पॉइंटची फट कमी-जास्त करता येते. मीटरवर ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, ३० अंशांवर आणायचा. मीटर नसेल तर स्क्रू आत फिरवत जायचे, इंजिन अडखळायला लागले की अर्धा फेरा मागे घ्यायचे. इंजिन चालू असताना, त्याच्या आवाजावरून, एका हाताने हे करता येईल असा विचार एखाद्या अभियंत्याने केला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्याच्याकडे कसली उपकरणे नाहीत अशा माणसाची त्याने आठवण ठेवली.

१९६८ च्या मॉडेलला पुढे एन्ड्यूरा नावाचा बंपर होता. क्रोमऐवजी लवचिक आवरणाचा आणि गाडीच्याच रंगाचा. जाहिरातीत त्यावर घाव घालून तो पुन्हा जसाच्या तसा होतो हे दाखवत. आता त्या आवरणाला तडे जातात आणि ते दुरुस्त करणे हे या गाडीतले सर्वांत किचकट काम ठरते. हेडलाइट झाकून ठेवणारी दारेही जादा पैसे देऊन घेता येत. ती इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतात. रबरी नळ्या जुन्या झाल्या की एक दार आधी उघडते आणि दुसरे मागाहून. नळ्या मी सगळ्या बदलल्या, कारण रबर जपण्याला काही अर्थ नाही. पेट्रोलच्या नळ्याही बदलाव्याच लागतात, आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुने रबर खाते.

ब्रेकच्या बाबतीत मी मूळचे सांभाळले नाही. पुढे ड्रम होते, तिथे डिस्क बसवल्या. पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी, एवढे इंजिन आणि चार ड्रम हा मेळ आजच्या रहदारीत धोक्याचा आहे. डिस्क ब्रेक त्या वर्षी ऑप्शन म्हणून मिळत होते, तेव्हा गाडीच्या स्वभावाशी ही फारकत नाही. तरीही समजा मिळत नसते, तरी मी त्या बसवल्याच असत्या, कारण मी ही गाडी चालवतो.

चालवण्याचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २०१४ साली १९७१ ची एक प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. अशा किमती झाल्या की गाडी बंद ट्रेलरमधून प्रदर्शनाला जाते आणि बंद ट्रेलरमधून परत येते. तिचे इंजिन ऐकायला मिळत नाही, तिचे तेल जुने होते, तिच्या सीलना कोरड पडते. चारचौघांत कमी देखणी, पण चालती गाडी मला तिच्यापेक्षा श्रीमंत वाटते. मिशिगनमध्ये २६ वर्षे किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबर प्लेट स्वस्तात मिळते. पण त्या प्लेटवर गाडी क्लबचे कार्यक्रम, मिरवणुका, प्रदर्शने अशा कामांसाठीच काढता येते. फक्त ऑगस्ट महिन्यात हे बंधन सैल होते. मी नेहमीची प्लेट घेतली आहे. मेमध्ये, वसंतातल्या पावसाने रस्त्यांवरचे मीठ धुऊन नेले की गाडी बाहेर पडते आणि ऑक्टोबरपर्यंत दूध, भाजी, कामावर जाणे, सगळे तिच्यातून.

वुडवर्ड ॲव्हेन्यू डेट्रॉइट नदीपासून निघून थेट पॉन्टियाकपर्यंत जाते. याच रस्त्यावर १९०९ साली काँक्रीटचा पहिला मैल टाकला गेला, याच रस्त्यालगत हायलँड पार्कला फोर्डची चालती असेंब्ली लाइन १९१३ साली सुरू झाली, आणि साठच्या दशकात याच रस्त्यावर रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पोरे शर्यती लावत. कंपन्यांचे अभियंतेही विक्रीला न आलेली इंजिने घेऊन तिथे येत असे इथले जुने लोक सांगतात. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. फर्नडेलमध्ये मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवावेत म्हणून त्याची सुरुवात झाली होती. त्या दिवशी गाडी चालत नाही, सरकते, आणि इंजिन तापते. मला त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या संध्याकाळी अधिक प्रिय आहेत. रहदारी बेताची असते, लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेले असतात. बर्मिंगहॅमच्या पुढे रस्ता मोकळा होतो तिथे पेडल खाली दाबले की कार्बोरेटरच्या मागच्या दोन मोठ्या नळ्या उघडतात. आवाजात एकदम खर्ज येतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटते आणि पाठ सीटला टेकते.

एका अशाच संध्याकाळी गाडी उभी असताना एक वयस्क बाई जवळ आल्या. त्या पॉन्टियाकच्या कारखान्यात सीट बनवण्याच्या विभागात होत्या. त्यांनी परवानगी विचारून पुढच्या सीटखाली हात घातला, कापड ताणून बसवणाऱ्या तारेच्या कड्या बोटांनी चाचपल्या आणि म्हणाल्या, या बदललेल्या आहेत, आम्ही एकमेकींच्या जास्त जवळ लावत होतो. त्यांचे बरोबर होते. सीटचे आवरण मला नवे घालावे लागले होते. मागच्या सीटचे मूळचे होते, तिथे त्यांनी बराच वेळ हात ठेवला. नंतर आम्ही त्यांना घेऊन उत्तरेकडे एक फेरी मारली. कारखान्याची जागा कुठून कुठपर्यंत होती हे त्या खिडकीतून दाखवत होत्या. आता तिथे पुष्कळशी मोकळी जमीन आहे.

त्या भेटीनंतर मी एक जाड वही केली. गाडीचा कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, बदलला तर कशासाठी, नवा भाग कुठून आणला, हे त्यात फोटोंसह लिहिलेले आहे. काढलेले ड्रम, जुन्या कड्या, तडकलेल्या लॅकरचा एक तुकडा, सारे चिठ्ठ्या लावून खोक्यात ठेवले आहे. गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला ड्रम परत बसवायचे असतील तर बसवता येतील, आणि पिवळ्या खडूची खूण कोणाची, असे त्याने विचारले तर निदान ती माझी नाही एवढे त्याला कळेल. वहीतले मागच्या काचेखालच्या पन्हाळीचे पान सध्या अर्धे आहे. तिथला पत्रा डाव्या कोपऱ्यात बोटभर गेला आहे. तयार मिळणारा सबंध पत्रा बसवायचा झाला तर छताचा शिशाचा जोड उघडावा लागेल. म्हणून तेवढाच तुकडा कापून, तेवढाच ठिगळ घडवून वेल्ड करायचे ठरवले आहे. पुठ्ठ्याचा नमुना कापून झाला आहे, पत्रा आणायचा आहे.